माफी कोणाच्या खिशातून?

अमेरिकेतल्या घोडागाडीवाल्या आमिश ख्रिस्ती लोकांवरून मराठी माणसं वाद घालायला बसली की वाद साधारण दहाव्या मिनिटाला हिटलरपाशी पोचतो. न्यू जर्सीत भाच्याच्या घरी तेच झालं. दिवसभर पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी फिरून आलो होतो. घोडागाड्या पाहिल्या, दोरीवर ओळीनं वाळत घातलेले निळे-जांभळे झगे पाहिले, काकवी घातलेला त्यांचा तो शू-फ्लाय पाय बांधून घेतला, आणि रात्री जेवताना टेबलाचे दोन तट पडले. एक तट म्हणे, ही माणसं संत आहेत. पोटच्या पोरींना मारणाऱ्याला यांनी माफ केलं, आपल्याच्यानं होईल का? दुसरा म्हणे, कसले संत? अमेरिकेच्या फौजेच्या सावलीत बसून अहिंसा पाळायला काय जातं? बसवा यांना हिटलरसमोर. मग हिटलर झाला, पाकिस्तान झालं, गांधी झाले, आणि आइस्क्रीम आलं तेव्हा विषय मिटला.

मला दोन्ही तट एकाच जागी चुकताना दिसतात. दोघंही शांततेला स्वभाव समजतात. एकाच्या लेखी तो देवमाणसाचा, दुसऱ्याच्या लेखी भोळसटाचा. पण आमिश आणि मेनोनाइट परंपरेतली शांतता ही शिकवलेली गोष्ट आहे; सुताराच्या घरी पोराच्या हाताला रंध्याचं वळण लावतात तशी पिढ्यानपिढ्या लावलेली. असं वळण फुकट लागत नाही. म्हणून या लोकांना विचारायचा प्रश्न ‘हिटलर आला तर’ हा नव्हेच. तुमच्या शांततेचे पैसे कोण भरतं, हा आहे. जिथे शांतता सांगणाऱ्यानं स्वतःच्या खिशातून भरले, तिथे या छोट्याशा जमातीनं जगाला काहीतरी दिलं. जिथे ते दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा घरातल्या बायकापोरींच्या पदरातून काढून घेतले, तिथे त्याच पवित्र शब्दांखाली भयंकर गोष्टी झाकल्या गेल्या. दोन्ही खरं आहे, आणि एक सांगून दुसरं लपवणं हाच या वादातला मोठा खोटेपणा.

आधी एक घोळ मिटवू. आमिश आणि मेनोनाइट एक नव्हेत. चुलत घरं म्हणा. सोळाव्या शतकातल्या युरोपात, बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, कळत्या वयात स्वतःहून घेतला तरच तो खरा, असं म्हणणारे काही लोक निघाले. ही दोन्ही घरं त्यांची. मेनो सिमन्स या डच पाद्र्याच्या नावावरून मेनोनाइट. याकोब आमान यानं १६९३मध्ये शिस्त आणखी कडक हवी म्हणून वेगळी चूल मांडली, ते आमिश. घोडागाडी आणि विजेविना घर ही आमिशांची, आणि काही जुन्या वळणाच्या मेनोनाइटांची खूण. बाकीचे मेनोनाइट तुमच्याआमच्यासारखे गाडी चालवतात, मोबाइल वापरतात, आणि त्यांच्यातले बहुसंख्य आज युरोप-अमेरिकेत नव्हे, आफ्रिका-आशियात राहतात. सगळ्यात जवळचे आपल्या शेजारीच आहेत. छत्तीसगडमधल्या धमतरीत अमेरिकन मेनोनाइट १८९९मध्ये आले, दुष्काळाच्या पाठीवर. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताचा कारभार नागपूरहून चाले. त्यांनी काढलेलं इस्पितळ आजही चालू आहे. आम्हा नागपूरकरांना हे लोक कळायला खरं तर पेनसिल्व्हेनियाला जायची गरज नव्हती. पण धमतरीला घोडागाडी नाही, मग फोटो कशाचा काढणार?

संतवाल्या तटाचा सगळा भार एका घटनेवर आहे. २ ऑक्टोबर २००६, सोमवार, निकेल माइन्स नावाचं खेडं, एका खोलीची आमिश शाळा. शेताशेतावरून दूध गोळा करणारा बत्तीस वर्षांचा ट्रकवाला बंदुका घेऊन आत शिरला. त्यानं मुलगे आणि मोठ्या बायका बाहेर काढल्या आणि सहा ते तेरा वर्षांच्या दहा मुलींना आत ठेवलं. शाळेत फोन नव्हता. बाई शेजारच्या शेतावर धावत गेल्या आणि तिथून पोलिसांना फोन गेला. पोलीस आले. त्यानं दहाही मुलींवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी काही आमिश त्याच्या बायकोला आणि आईवडिलांना भेटायला गेले. शनिवारी त्याला पुरलं तेव्हा जमलेल्यांत निम्म्याहून जास्त आमिश होते. जगभरातून मदतनिधी आला, त्यातला वाटा त्याच्या विधवेला दिला. दहा दिवसांनी शाळा पाडून टाकली. पुढच्या एप्रिलमध्ये नवी उभी राहिली.

हे वाचून डोळ्यांत पाणी येतं, पण तेवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की खुनी मेलाच होता. खटला नाही, जामीन नाही, तो पुन्हा सुटून येईल ही भीती नाही. मेलेल्याला माफ करणं सोपं असतं. मुद्दा बिनतोड आहे, आणि संतवाले तो ऐकूनच घेत नाहीत. तो जिवंत राहिला असता तर आमिशांनी त्याला सोडून द्या म्हटलं असतं का? नाही. पोलिसांना त्यांनी अडवलं नव्हतं, आणि शिक्षा हे सरकारचं काम आहे असंच त्यांची शिकवण सांगते. माफी म्हणजे शिक्षा रद्द करणं, ही आपण आपल्याकडून घातलेली भर. त्यांच्या लेखी माफी म्हणजे सूड घेण्याचा आपला हक्क सोडणं. तेही एकदाच सोडून भागत नाही, सकाळी उठून पुन्हा सोडावा लागतो. आधी ठरवायचं, मन मागून येईल तेव्हा येईल. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण मन शांत झाल्यावर माफ करायचं असतं अशी आपली समजूत. त्या हिशेबानं पाच मुली गेलेल्या गावात माफीची पाळी कधी आलीच नसती.

बरं, हे वळण लागतं कसं? इथे घोडागाड्यांचा विषय येतो, एरवी मी तो टाळला असता. आमिश यंत्रांना घाबरतात असं आपण धरून चालतो. मी एका शेताच्या वाटेच्या तोंडाशी लाकडी खोपटं पाहिलं, आपल्याकडच्या जुन्या एसटीडी बूथएवढं. आत भिंतीवर टेलिफोन, बाजूला खिळ्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि वही. दोन-तीन घरांत मिळून एक. फोनला नाही म्हटलेलं नाही. फोन घरात नको म्हटलंय, कारण घरात वाजणारी घंटा जेवणावरच्या माणसाला उठवते. प्रत्येक नव्या वस्तूला मंडळी, म्हणजे तिथला धर्मसमाज, असा प्रश्न विचारते की हिच्यामुळे आपण एकमेकांना सापडेनासे होऊ का. उत्तरं गावागावाची वेगळी आणि बाहेरच्याला चक्रावून टाकणारी: गाडीत बसायला हरकत नाही, मालकीची नको. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधी सगळे बाप्तिस्मा घेतलेले स्त्री-पुरुष बसून आपले नियम, ज्याला ते ऑर्डनुंग म्हणतात, पुन्हा मान्य करतात. कोणाचा कोणावर राग असेल तर तो मिटल्याशिवाय प्रभुभोजन होत नाही. तीनशे वर्षं वर्षातून दोनदा राग मिटवायची सवय असलेल्या गावानं २००६च्या त्या सोमवारी जे केलं, ते आभाळातून पडलेलं नव्हतं.

आणि भोळेपणा? या लोकांचा इतिहास वाचल्यावर तो आरोप टिकत नाही. २१ जानेवारी १५२५ला झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना पहिला प्रौढ बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यातल्या फेलिक्स मांझला हातपाय बांधून लिम्माट नदीत बुडवलं: पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. त्याच १५२७मध्ये मिखाएल झाटलर यानं पंथाची पहिली तत्त्वं मांडली, त्यात तलवार नको हे होतं. त्याच्यावर खटला भरला तेव्हा एक आरोप असा होता की तुर्क आले तर त्यांना अडवू नये असं हा म्हणतो. दोनच वर्षांनी तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, म्हणजे भीती काल्पनिक नव्हती. हिटलरचा प्रश्न तो हाच, पाचशे वर्षं जुना. झाटलरनं आरोप नाकारला नाही. त्याची जीभ कापली, त्याला जाळलं, थोड्या दिवसांनी बायकोला बुडवलं. प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं आणि त्याचे पैसे किती पडतात, हे दोन्ही माहीत असलेल्या माणसाला भोळा कसं म्हणायचं?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे सगळे मुळात शांततावादी नव्हतेच. १५३४मध्ये याच पंथातल्या एका गटानं जर्मनीतलं म्युन्स्टर शहर ताब्यात घेतलं. देवाचं राज्य आलं म्हणून जाहीर केलं. न मानणाऱ्यांना हाकललं, विरोध करणाऱ्यांना मारलं, बहुपत्नीत्व लादलं, एका शिंप्याला राजा केलं. वर्षभरानं बिशपच्या फौजेनं शहर घेतलं आणि पुढाऱ्यांची हाल करून मारलेली प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांतून चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते तीन पिंजरे आजही तिथेच आहेत. मेनो सिमन्सनं पाद्रीपण सोडलं ते १५३६मध्ये, म्हणजे म्युन्स्टरची राख निवायच्या आत, आणि विखुरलेल्या, शरमलेल्या लोकांना गोळा करून सांगितलं की तलवार आपल्याला काय करते ते पाहिलंत. अहिंसेचा उपदेश करणाऱ्यांनी हिंसा कधी चाखलेली नसते, हा आक्षेप इतरांना लागू असेल. या घराण्यात अहिंसा पश्चात्तापातून आली आहे.

आता सावलीचा आक्षेप. तो मला जड वाटतो, म्हणून सावकाश घेते. १७५७च्या सप्टेंबरात, पेनसिल्व्हेनियाच्या नॉर्थकिल वस्तीत, हॉखस्टेटलर नावाच्या आमिश घरावर रात्री लेनापे आणि शॉनी या मूळ अमेरिकन जमातींच्या योद्ध्यांनी हल्ला केला. फ्रेंच आणि इंग्रज यांचं युद्ध चालू होतं. पोरांनी शिकारीच्या बंदुकांकडे हात नेले. बापानं त्यांना थांबवलं. घर पेटलं, कुटुंब तळघरात उतरलं, वरून पेटत्या फळ्या पडू लागल्या तर पिंपातला सफरचंदाचा रस ओतून विझवत राहिले. पहाटे बाहेर आले आणि सापडले. आई, एक मुलगा, एक मुलगी मारली गेली; बाप आणि दोन मुलगे कैद झाले. आमिश घरांत ही गोष्ट अजून सांगतात. पण नीट पाहिलं तर तिच्यात दोन आक्षेप दडलेत. बंदूक न उचलण्याचा निर्णय बापाचा होता, जीव आईचा आणि लेकरांचा गेला. आणि ती जमीन मुळात लेनापे लोकांची होती. ती मोकळी करणारे हात आमिशांचे नसले तरी नांगर त्यांचाच फिरला. स्वतःची बंदूक भिंतीवर राहिली म्हणून दुसऱ्याच्या बंदुकीनं मिळालेलं शेत पवित्र होत नाही.

आणखीही कबूल करायला हवं. युक्रेनमधल्या मेनोनाइट वसाहतींनी रशियन यादवीत, १९१८-१९च्या सुमारास, अराजकतावादी बंडखोर माख्नोच्या टोळ्यांपुढे आपली शिकवण बाजूला ठेवून सशस्त्र संरक्षक पथकं उभारली; पुढे त्यांनाच वाटलं की त्यानं सूड आणखी भडकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत भरतीत बोलावलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास नेहमीच्या लष्करी नोकरीत गेलेच. जर्मनीतल्या मेनोनाइटांनी तर तोवर अप्रतिकाराचं तत्त्व सोडून दिलेलं होतं, आणि त्यांच्यातले किती तरी हिटलरच्या मागे उभे होते. म्हणजे ‘हिटलरसमोर बसवा’ म्हणणाऱ्यांनी काळजी करू नये. इतिहासानं त्यांना बसवून पाहिलंय आणि बरेच जण नापास झालेत. मी स्वतः शांततावादी नाही. नाझी फौजा प्रार्थनेनं परत गेल्या असत्या असं मला वाटत नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर मी ताट ढकलून उठेन.

पण ‘फुकटे’ हा शब्द तरीही चूक आहे. आमिश प्राप्तिकर भरतात, घरपट्टी भरतात, ज्या सरकारी शाळेत पोरं धाडत नाहीत तिचाही कर भरतात. नको म्हणाले ते सरकारी पेन्शनीला, कारण म्हाताऱ्यांना सांभाळणं हे मंडळीचं काम. ती वर्गणी भरेना म्हणून १९६१मध्ये एकाचे कामाला जुंपलेले घोडे कर खात्यानं शेतातून नेले. इतकी नाचक्की झाली की १९६५मध्ये कायद्यानं सूट मिळाली. ते फायदा नाकारत होते, आणि सरकारला ते कसं हाताळावं कळेना! पहिल्या महायुद्धात तर याच परंपरेतल्या हटराइट पंथाच्या चार शेतकऱ्यांनी गणवेश घालायला नकार दिला म्हणून त्यांना अल्काट्राझच्या अंधारकोठडीत गजांना हात बांधून उभं केलं. त्यातले दोघे सख्खे भाऊ, योसेफ आणि मिखाएल होफर, युद्ध थांबल्यावर काही आठवड्यांतच लेव्हनवर्थच्या तुरुंगात मेले. योसेफची बायको प्रेत पाहायला गेली तेव्हा त्याला तोच गणवेश चढवलेला होता. याला सावलीत बसणं म्हणतात?

दुसऱ्या महायुद्धात सरकारला थोडी अक्कल आली. बंदूक नको म्हणणाऱ्या सुमारे बारा हजार जणांना मुलकी सेवेत घेतलं, बिनपगारी. त्यातले सर्वांत जास्त मेनोनाइट-आमिश. कोणी जंगलातले वणवे विझवायला पॅराशूटनं उतरले. सुमारे तीन हजार जणांना वेड्यांच्या इस्पितळांत पाठवलं, कारण तिथले मदतनीस युद्धावर गेले होते. आत जे दिसलं, नागडी माणसं, घाण, साखळ्या, मार, ते या पोरांनी टिपून ठेवलं, फोटो काढले, आणि १९४६मध्ये ते देशभर छापून आलं. मेनोनाइटांनी नंतर स्वतःची मनोरुग्णालयं काढली. शेतकऱ्यांच्या घरची ही मुलं, आठवीपलीकडे न शिकलेली कित्येक. ज्या माणसाला सगळे गुराढोरांसारखं वागवत होते त्याच्यावर हात न उगारता अख्खी पाळी कशी काढायची, हे त्यांना येत होतं. प्रत्येक माणूस सैनिक असलाच पाहिजे असं जो देश म्हणतो, त्याला ही पाळी करायला माणसं कुठून मिळणार?

इथवर मी त्यांची वकिली केली. आता ज्या मुद्द्यावर माझ्याजवळ वकिली नाही, तो. बोलिव्हियात मॅनिटोबा कॉलनी नावाची जुन्या वळणाच्या मेनोनाइटांची वसाहत आहे. २००५ ते २००९ या काळात तिथल्या बायका सकाळी डोकं जड होऊन उठत, अंगावर जखमा, चादरीवर रक्त. वडीलधाऱ्यांनी सांगितलं की हे सैतानाचं काम आहे, किंवा तुमच्या मनाचे खेळ आहेत. वसाहतीतलेच पुरुष जनावरांना गुंगी आणायचं औषध खिडकीतून फवारून अख्ख्या घराला बेशुद्ध करत आणि बलात्कार करत होते. लहान मुलींपासून म्हाताऱ्यांपर्यंत शंभराहून जास्त जणी. दोघे घरात शिरताना सापडले तेव्हा उलगडा झाला, पोलिसांकडे दिले गेले, २०११मध्ये शिक्षा झाल्या. आणि त्या बायकांना काय सांगितलं गेलं? माफ करा. निकेल माइन्सला जो शब्द होता तोच. त्यांना देशाची भाषा, स्पॅनिश, येत नव्हती. त्यांच्या सभांमध्ये त्यांना मत नव्हतं. आणि माफ केलं नाही तर देव तुम्हालाही माफ करणार नाही, ही शिकवण लहानपणापासून कानावर होती. ज्याच्या हातात नाही म्हणायची सोय नाही त्यानं हो म्हटलं, तर त्याला माफी म्हणायचं की वसुली?

हे मागासांत घडतं असं म्हणून सुटता येत नाही. विसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला मेनोनाइट विचारवंत जॉन हॉवर्ड योडर. ख्रिस्ती अहिंसेवर त्याच्याइतकं तगडं कोणी लिहिलं नाही. या माणसानं शंभराहून अधिक स्त्रियांचा लैंगिक छळ केला. त्याच्या धर्मविद्यालयात हे १९७०च्या दशकात कळलेलं होतं. बंद दाराआड समित्या बसल्या, पत्रं गेली, गुप्तता राखली, कारण ‘समेट’ घडवायचा होता. विद्यालयानं त्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली ती २०१५मध्ये, तो वारल्यावर सतरा वर्षांनी. मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटायला हवी. गावातलं गावात मिटवा, चावडीवर आणा, पोलिसात जाल तर वाळीत पडाल. आपण जातपंचायतींचे हे प्रकार पाहून २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. आमिशांचं ‘मायडुंग’, शब्दशः टाळणं, म्हणजे वाळीत टाकणंच: शपथ मोडली की जेवायला वेगळं टेबल. लँकेस्टरमध्ये ते रम्य आणि नगर-नाशिकात ते रानटी, असं डोकं मला तरी फिरवता येत नाही. एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगते. आमिशांत जन्मानं कोणी बांधलेलं नसतं, बाप्तिस्मा कळत्या वयात. त्याआधी निघून गेलेल्याला वाळीत टाकत नाहीत. पण आठवीनंतर शाळा बंद केलेल्या मुलीला बाहेर पडायची वाट कितीशी उघडी असते? १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आमिशांना आठवीपुढच्या सक्तीच्या शिक्षणातून सूट दिली, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वेगळा सूर लावला: आईबापांचा धर्म ऐकला, मुलांना कोणी विचारलं? तीन मुलांपैकी एकीचीच साक्ष झाली होती.

मग ही परंपरा निकालात काढायची का? माझ्या भाच्याचं उत्तर हो असं आलं. ‘आत्या, सगळं ढोंग आहे.’ मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण याच घरातून निघालेलं औषध आहे. १९७४मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या एलमायरा गावात दोन दारुड्या पोरांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली: टायर फाडले, काचा फोडल्या, होडी उलटवली. कोर्टाला अहवाल देणारा अधिकारी मेनोनाइट होता. त्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात नेऊन उभं केलं तर? न्यायाधीश आधी नाही म्हणाले, मग हो. पोरं एकेका दाराची घंटा वाजवत गेली. अधिकारी आणि त्याचा सोबती वही घेऊन मागे उभे. काहींनी आत बोलावलं, काही ओरडले, एवढे पैसे झाले म्हणून आकडा सांगितला. काही महिन्यांनी पोरं पुन्हा त्याच दारांत गेली, पैसे घेऊन. गुन्हा कायद्याविरुद्ध नव्हे, माणसाविरुद्ध होतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता कायदा मोडला’ हा नको, ‘कोणाला लागलं आणि त्याला काय हवंय’ हा हवा, हा विचार पुढे हॉवर्ड झेर या मेनोनाइट अभ्यासकानं मांडला आणि तो जगभरच्या न्यायालयांत पोचला.

या पद्धतीची पहिली अट पाहा. लागलेल्या माणसानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. समेट करायचा की नाही हे तोच ठरवणार. बोलिव्हियात नेमकं हेच उलटं केलं: लागलेलीनं गप्प बसायचं, समेट पंचांनी ठरवायचा. दोन्ही मेनोनाइटच. ‘गेलासेनहाइट’, स्वतःला सोडून देणं, हा त्यांचा मोठा गुण. पण पुरुषानं सत्ता सोडणं आणि बाईनं तक्रार सोडणं याला एकच नाव दिलं की गुणाचा जाच होतो.

जुन्या अप्रतिकारापासून हे अंतर मोठं आहे, आणि ते विसाव्या शतकात कापलं गेलं. बायबलच्या ‘दुष्टाला अडवू नका’ या वाक्याचा अर्थ पिढ्यानपिढ्या ‘बाजूला राहा’ असा घेतला गेला. गांधींचं यांच्याशी जमलं नसतं. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड असेल तर हिंसा पत्करा असं १९२०मध्ये लिहिणारा माणूस तो. पण नवे मेनोनाइट बाजूला राहत नाहीत. जॉन पॉल लेडराक यांनी १९८०च्या दशकात निकाराग्वात मिस्किटो आदिवासी बंडखोर आणि सँडिनिस्टा सरकार यांच्यात मध्यस्थी केली, आणि पुढे व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या मेनोनाइट विद्यापीठात हे काम शिकवायला सुरुवात झाली. तिथे शिकलेल्या, लायबेरियाच्या लेमा बोवी यांना २०११चं शांततेचं नोबेल मिळालं. ती कीर्ती मेनोनाइटांच्या खात्यावर मात्र टाकू नका. लायबेरियातल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांना घेऊन २००३मध्ये त्यांनी तिथली यादवी थांबवायला घानात चाललेल्या वाटाघाटींच्या दालनाची दारं अडवली, करार झाल्याशिवाय पुरुषांना बाहेर सोडणार नाही म्हणून खाली बसल्या. हे आधी केलं, पदवी नंतर घेतली. मला वाटतं विद्यापीठही तिच्याकडून काही शिकलं असेल. शांतता गोंगाट करून आणता येते, हे तरी.

भांडी घासताना भाचेसून म्हणाली, ‘आत्या, त्या शाळेतल्या पाच जणी वाचल्या ना? त्यांना कोणी विचारलं असेल का, माफ करायचं का ते?’ जेवताना हा प्रश्न दोन्ही तटांपैकी कोणालाच सुचला नव्हता, मलाही नाही. दुपारी आम्ही त्या जागेवरून गाडीनं गेलो होतो. उतरलो नाही, तिथल्यांना पर्यटक नको असतात. शाळा होती तिथे आता कुरण आहे, पाच झाडं आहेत, पाटी नाही. मला माहीत होतं तेवढं तिला सांगितलं. वाचलेल्यांतल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला इतकी जखम होती की ती पुन्हा बोलू शकली नाही, चालू शकली नाही, तिला नळीनं भरवायचे. मारणाऱ्याची आई पुढे कित्येक वर्षं तिच्या घरी जात असे. मुलीच्या आईवडिलांनी दार उघडं ठेवलं होतं. ती म्हातारी तिला न्हाऊ घाले, वाचून दाखवी, गाणी म्हणे. मुलगी ऐकत असे की नाही, कोणाला सांगता येत नव्हतं.